दोन घड्याळांमधले प्रेम : संथ विज्ञान-प्रेमपट कसा समजून घ्यावा

नोव्हेंबर लागला की पणजीत इफ्फीचे वारे वाहू लागतात. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो आहे. डिचोली, पेडणे, फोंडा, काणकोण अशा ठिकाणांहून सकाळची बस धरून येणारा आपला प्रेक्षक एवढ्या वर्षांत जगभरचे चित्रपट पाहायला चांगलाच सरावला आहे. तरीही एका प्रकारच्या चित्रपटाला अर्ध्यावर खुर्च्या रिकाम्या होताना मी वारंवार पाहतो. कथेत अंतराळ असते, भविष्यकाळ असतो, एखादे न पाहिलेले यंत्रही असते, पण लढाई नसते आणि धावपळही नसते. दोन माणसांचे एकमेकांवर प्रेम असते, आणि कॅमेरा बराच वेळ खिडकीकडे, पाण्याकडे किंवा एखाद्या चेहऱ्याकडे पाहत राहतो.

फोंड्याहून आलेला एक महाविद्यालयीन विद्यार्थी अशाच एका खेळानंतर जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "काका, ती गेली, तो थांबला, ती परत आली. एवढ्यासाठी अडीच तास कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख.

प्रेमाच्या आड येणारी गोष्ट

विज्ञानकथा म्हणजे आज अशक्य असलेली एक गोष्ट शक्य आहे असे धरून चालायचे आणि मग तिचे परिणाम प्रामाणिकपणे भोगायचे, एवढीच व्याख्या आपल्याला येथे पुरेशी आहे. प्रेमकथेत दोन माणसांना एकत्र यायचे असते आणि त्यांच्या आड काहीतरी येते. आपल्या संगीत नाटकांपासून आजच्या चित्रपटांपर्यंत हे आड येणारे बहुधा माणूस असते किंवा माणसांनी केलेली रीत असते. बापाचा हट्ट असतो, जात असते, श्रीमंती-गरिबी असते, गैरसमज असतो. या सगळ्यांशी भांडता येते, त्यांची समजूत घालता येते, शेवटच्या अंकात बापाचे मन विरघळू शकते. अशा कथेला घटना आपोआप मिळतात, कारण अडथळा हलवता येण्यासारखा असतो आणि प्रत्येक धक्का ही एक घटना असते.

विज्ञान-प्रेमपटात अडथळ्याच्या जागी निसर्गाचा नियम येतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे आणि तो कोणाच्याही विनवणीने वाढत नाही. गेलेला काळ परत येत नाही. मेलेले माणूस आठवणीत असते, पण त्याचा हात हातात घेता येत नाही. अशा नियमाशी भांडण्यात अर्थ नसतो. माणूस फक्त थांबू शकतो, किंवा थांबायचे की नाही हे ठरवू शकतो. खलनायक नाही म्हणून मारामारी नाही, आणि मन वळवण्यासारखे कोणी नाही म्हणून वादविवाद नाही. उरते ती वाट पाहणे. ज्या कथेचा गाभाच वाट पाहणे आहे ती भरभर सांगितली, तर सांगायचे तेच निसटून जाईल. या चित्रपटांचा संथपणा दिग्दर्शकाच्या लहरीतून आलेला नसतो. त्यांनी निवडलेल्या अडथळ्यातूनच तो निघालेला असतो.

चोडणच्या फेरीबोटीवरचे घड्याळ

या चित्रपटांत सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी कल्पना म्हणजे वेगाने प्रवास करणाऱ्याचे वय कमी वाढते ही. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतातून ती निघते. तिला शास्त्रात कालविस्तार म्हणतात.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. बोटीवरचा एक मुलगा चेंडू सरळ वर उडवतो आणि झेलतो. त्याच्या दृष्टीने चेंडू सरळ वर गेला आणि सरळ खाली आला. धक्क्यावर उभे राहून पाहणाऱ्याला मात्र चेंडू तिरका वर जाताना आणि तिरका खाली येताना दिसतो, कारण तेवढ्या वेळात बोट पुढे सरकलेली असते. तिरकी वाट सरळ वाटेपेक्षा लांब असते. चेंडूच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. त्याला बोटीचाही वेग मिळालेला असल्यामुळे तो लांबची वाट तेवढ्याच वेळात पार करतो.

आता चेंडूच्या जागी प्रकाशाचा एक झोत घ्या आणि तो वर-खाली लावलेल्या दोन आरशांमध्ये ये-जा करतो आहे असे समजा. प्रत्येक फेरी म्हणजे घड्याळाची एक टिकटिक. प्रकाशाचे वैशिष्ट्य असे की त्याला बोटीचा वेग मिळत नाही. बोटीवरून मोजा किंवा धक्क्यावरून मोजा, त्याचा वेग तोच भरतो. धक्क्यावरच्या माणसाच्या दृष्टीने मात्र त्याची वाट लांबली आहे. वेग तोच आणि वाट लांब, तेव्हा वेळ जास्त लागलाच पाहिजे. म्हणजे धक्क्यावरून पाहताना बोटीवरची टिकटिक मंदावते. केवळ त्या आरशांचीच नव्हे, तर बोटीवरच्या प्रत्येक घड्याळाची, हृदयाच्या ठोक्यांची, केस पिकण्याचीही गती मंदावते. फेरीबोटीच्या वेगाला हा फरक इतका सूक्ष्म असतो की तो जाणवण्याचा प्रश्नच येत नाही, पण वेग प्रकाशाच्या जवळ गेला की तो आयुष्य बदलून टाकतो.

समजा, फोंड्यातील एक जोडपे आहे आणि दोघेही ३० वर्षांचे आहेत. ती चार प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याकडे प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने जाते आणि लगेच परत फिरते. प्रकाशवर्ष हे नाव वर्षाचे असले तरी ते अंतर आहे. प्रकाश एका वर्षात जेवढे जातो तेवढे, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. तिला जायला पाच आणि यायला पाच अशी पृथ्वीवरची १० वर्षे लागतील, पण तिच्या घड्याळात ६ वर्षेच सरलेली असतील. ती ३६ वर्षांची होऊन उतरेल आणि घेण्यासाठी आलेला तो ४० वर्षांचा असेल.

येथे एक शंका नेहमी निघते. तिच्या दृष्टीने तर तोच दूर गेला आणि परत आला, मग त्याचे वय कमी का होत नाही? कारण दोघांचे प्रवास सारखे नाहीत. ती मध्येच थांबून वळली आणि ते वळणे तिला यानात जाणवले. तो आपल्या अंगणातच होता.

हे खरोखर घडते का?

घडते. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे नेहमीच्या प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीभोवती फिरवली, आणि जमिनीवरच्या घड्याळांशी त्यांचा जो अत्यल्प फरक पडला तो सिद्धांताशी जुळला. आपल्या मोबाईलमधला नकाशा ज्या जीपीएस उपग्रहांवर चालतो त्यांची घड्याळे वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण वर कमी असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांचा हा फरक हिशेबात धरला नसता, तर एका दिवसात नकाशावरची जागा दहाएक किलोमीटरने चुकली असती आणि म्हापशाला निघालेला माणूस भलतीकडेच पोचला असता. चित्रपटात गृहीत धरलेले असते ते फक्त इतक्या वेगाने जाणारे यान.

काकींचे दुसरे घड्याळ

अंतराची दुसरी बाजू निरोपाची आहे, आणि ती गोव्यात तरी समजावून सांगावी लागू नये. येथे ज्या घरातले कोणी बोटीवर नाही असे घर शोधावे लागते. आमच्या वाड्यावर माझ्या लहानपणी एक काकी होत्या, त्यांचे यजमान तारवटी होते. त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, एक लहानसे किल्लीचे घड्याळ असे आणि ते भिंतीवरच्या घड्याळाशी कधीच जुळत नसे. काकांचे पत्र आले की त्यात बोट कोणत्या बंदरात आहे ते लिहिलेले असे. मग काकी शेजारच्या मास्तरांना तेथली वेळ विचारत आणि त्याप्रमाणे काटे फिरवत. "आता तिकडे रात्र झाली," असे म्हणून त्या आवाज थोडा खाली आणत. पत्र यायला तीन आठवडे लागत. म्हणजे ते घड्याळ काका आज जेथे होते तेथली वेळ दाखवत नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी ते जेथे होते तेथली दाखवत होते. काकींना हे ठाऊक होते. तरीही घड्याळाला किल्ली दिल्याशिवाय त्या झोपत नसत.

अंतराळातील प्रेमकथेचे सारे गणित त्या फळीवर होते. चंद्रावरून निघालेला शब्द सव्वा सेकंदाने पोचतो, तेव्हा संभाषण जेमतेम जमते. मंगळावरून तो पोचायला दोन्ही ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. "कशी आहेस?" या प्रश्नाचे उत्तर यायला पाऊण तास लागला, तर त्याला संभाषण म्हणता येत नाही, तो पत्रव्यवहार होतो. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तेथे असलेल्या माणसाला पाठवलेल्या एका वाक्याचे उत्तर साडेआठ वर्षांनी येईल, आणि ते वाक्य लिहिणारी व्यक्ती तोवर बदललेली असेल. हे सारे दाखवणारा दिग्दर्शक उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा स्थिर ठेवतो, तेव्हा पडद्यावर काहीच घडत नाही असे म्हणणे म्हणजे काकींच्या स्वयंपाकघरात काहीच घडत नव्हते असे म्हणण्यासारखे आहे.

विलंबित लयीची सवय असलेल्या कानांना

चित्रपटाची लय मुख्यतः शॉटच्या लांबीवर ठरते. शॉट म्हणजे कॅमेरा सुरू झाल्यापासून पुढच्या कापापर्यंतचा अखंड तुकडा. तीन-चार सेकंदांत शॉट बदलत गेला तर डोळ्याला फक्त माहिती टिपण्याइतका वेळ मिळतो. हा दरवाजा, हा माणूस, हे पिस्तूल. शॉट मिनिटभर टिकला की माहिती पहिल्या काही सेकंदांतच संपते, मग थोडा कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्याच्या पलीकडे पाहणे सुरू होते. हात किती घट्ट धरला आहे, प्रकाश कधी बदलला, बोलण्याआधी ओठ कितीदा हलले, हे तेव्हाच दिसते.

ज्या भूमीने मोगूबाई कुर्डीकर दिल्या तेथल्या रसिकांना ही गोष्ट नवी वाटू नये. अतिविलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन कधी कधी पाऊण मिनिटाहून लांब जाते. तेवढ्या अवकाशात गायक एका स्वराभोवती फिरतो, थांबतो, परत येतो, आणि ऐकणारा मनात समेची वाट पाहत असतो. सम आली की मान आपोआप हलते. द्रुत लयीत ती इतक्या लवकर येते की वाट पाहायला सवडच मिळत नाही. संथ चित्रपटातही अशी सम असते, फक्त ती कोठे येणार हे आधी सांगितलेले नसते.

क्रिस मार्कर यांचा १९६२ सालचा 'ला जेते' हा २८ मिनिटांचा फ्रेंच चित्रपट याचा सर्वांत स्पष्ट नमुना आहे. लहानपणी विमानतळावर पाहिलेला एका स्त्रीचा चेहरा विसरू न शकलेला माणूस भूतकाळात पाठवला जातो आणि त्या स्त्रीला भेटतो. हा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे, एकामागून एक छायाचित्र आणि त्यावर निवेदन. फक्त एका क्षणी, ती अंथरुणात पडलेली असताना, छायाचित्र हलते. ती डोळे उघडते आणि पापणी लववते. काही सेकंदांचे हे दृश्य पाहताना अंगावर काटा येतो, कारण तोवर आपण हालचाल म्हणजे काय हेच विसरलेलो असतो. सगळा चित्रपट हलता असता, तर ती पापणी कोणाच्या लक्षातही आली नसती.

आठवणीतून परत आलेले

तिसरा अडथळा मृत्यूचा, आणि त्याच्याशी जोडलेल्या आठवणीचा. आंद्रेई तारकोव्हस्की यांचा 'सोलारिस' हा १९७२ सालचा रशियन चित्रपट स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१ मधील पोलिश कादंबरीवर आधारलेला आहे. त्यातला ग्रह महासागराने व्यापलेला आहे, आणि तो महासागर जवळच्या स्थानकावर राहणाऱ्यांच्या मनातून माणसे घडवून त्यांच्यापुढे उभी करतो. मानसशास्त्रज्ञ असलेल्या नायकापुढे त्याची काही वर्षांपूर्वी मरण पावलेली बायको येऊन उभी राहते.

एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. तिच्या पोशाखाची नाडी सोडायला तो जातो, तर पोशाखाला उघडण्याची जागाच नसते आणि तो कात्रीने कापावा लागतो. आठवणीला पोशाख आठवत होता, त्याचा रंग आठवत होता, पण तो कोठे उघडतो हे कोणी लक्षात ठेवलेलेच नव्हते. आपण गेलेल्या माणसाला किती अपुरे आठवतो हे सांगायला याहून नेमका मार्ग मला माहीत नाही. मेंदूविज्ञानही हेच म्हणते. आठवण ही पेटीत ठेवलेली वस्तू नाही, प्रत्येक वेळी आठवताना ती नव्याने बांधली जाते. २००० मध्ये उंदरांवर झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगात असे दिसले की जागी केलेली आठवण काही काळ नाजूक, बदलू शकणारी असते आणि पुन्हा पक्की व्हायला तिला मेंदूतल्या नव्या प्रथिनांची गरज लागते.

याच चित्रपटात एक माणूस मोटारीतून शहरातल्या बोगद्यांमधून आणि उड्डाणपुलांवरून जातो, असे सुमारे पाच मिनिटांचे दृश्य आहे. ते टोकियोत चित्रित झाले. अनेक प्रेक्षक येथेच कंटाळतात. पण त्यानंतरचा खरा अंतराळप्रवास दिग्दर्शकाने फारच थोड्या वेळात उरकला आहे हे लक्षात घ्या. तळ्याकाठचे घर, झाडे, पाऊस हे सारे मागे टाकण्याचा काळ त्याने यानाला दिला नाही, रस्त्याला दिला. पृथ्वीपासून तुटणे आपल्याला यान उडण्यापूर्वीच जाणवू लागलेले असते.

हा चित्रपट पाहताना मला नेहमी सांगे तालुक्यातले कुर्डी आठवते. साळावलीच्या धरणात गेलेले हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्याच्या सुमारास वर येते. घरांची जोती दिसतात, वाटा दिसतात, सोमेश्वराचे देऊळ दिसते, आणि विस्थापित झालेली कुटुंबे उत्सवासाठी तेथे जमतात. पाऊस पडला की गाव पुन्हा पाण्याखाली जाते. तेथे गेलेला माणूस आपल्या जुन्या ओट्याच्या जागी उभा राहतो तेव्हा त्याला ठाऊक असते की हे घर नाही आणि तरीही हेच घर आहे. 'सोलारिस'मधल्या नायकाचीही अवस्था हीच आहे. हे बायको नाही हे त्याला कळते, आणि कळूनही तो तिला पाठवून देऊ शकत नाही.

यंत्रावर जडलेल्या प्रेमाचा एक वेगळा प्रवाहही आहे, पण त्याचे मूळ प्रश्न याच कुळातले आहेत. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी केलेला एलायझा हा संगणक-कार्यक्रम समोरच्याचीच वाक्ये प्रश्न करून परत देत असे. तरीही लोक त्याच्यापुढे मन मोकळे करू लागले, हे पाहून ते स्वतःच अस्वस्थ झाले.

"संथ म्हणजे खोल, असे कोणी सांगितले?"

कोणीच नाही, आणि हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. काही चित्रपट केवळ लांबलेले असतात. माझी कसोटी साधी आहे. लांब शॉटच्या शेवटी मला त्या माणसाबद्दल सुरुवातीपेक्षा काही वेगळे वाटते का? वाटत असेल तर तो वेळ सार्थकी लागला. वाटत नसेल, आणि असे तीन-चारदा झाले, तर उठून जाणाऱ्याला मी दोष देणार नाही. विलंबित गाणाऱ्या प्रत्येकाला विलंबित पेलतेच असे नाही.

विज्ञानाच्या चुकांबद्दलही लोक विचारतात. यान इतक्या वेगाने जाण्यासाठी लागणारी ऊर्जा आणायची कोठून, असे शंभर प्रश्न काढता येतील. पहिले गृहीतक मी दिग्दर्शकाला देऊन टाकतो. पुढे मात्र त्याने स्वतःचेच नियम मोडलेले मला चालत नाहीत. दहा वर्षांनी येणारे उत्तर कथेच्या सोयीसाठी दुसऱ्या दिवशी आले, की अडथळा खोटा ठरतो आणि त्याच्याबरोबर प्रेमही. घरी मोबाईलवर पाहिला तर चालेल का, याचे उत्तर मी शक्यतो नको असेच देतो, कारण मध्ये एकदा थांबवून चहा केला की वाट पाहणे तुटते.

ती परत आली, त्यानंतर

पायऱ्यांवर बसलेल्या त्या मुलाला मी फोंड्यातल्या जोडप्याचीच गोष्ट सांगितली आणि शेवटचा शॉट त्याच्यापुढे मांडला. ती ३६ वर्षांची होऊन घरी आली आहे. तो ४० वर्षांचा आहे. स्वयंपाकघरात तो चहाचे दोन कप घेऊन येतो आणि समोर बसतो. त्याच्या डोळ्यांवर चष्मा आहे. ती गेली तेव्हा त्याला चष्मा नव्हता.

शॉट तीन सेकंदांत कापला, तर आपल्याला एवढेच कळेल की त्याला चष्मा लागला. तो दीड मिनिट चालू ठेवला, तर आधी तिची नजर त्या चष्म्यावर गेलेली दिसेल, मग तिची नजर तेथे गेली आहे हे त्याला कळलेले दिसेल. तो काहीसा संकोचून चष्मा काढून टेबलावर ठेवेल. तिच्याकडे पाहील. चेहरा नीट दिसत नाही म्हणून थोडा पुढे झुकेल, आणि मग हळूच चष्मा उचलून परत डोळ्यांना लावेल.